दौलतअण्णांची खुर्ची

दौलतअण्णा गेल्याची बातमी मला इंदापूरच्या बैलबाजारात कळली. एका खोंडांच्या जोडीचा सौदा चालला होता. आमच्याकडे बैलाचा काय किंवा गुळाचा काय, भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटे दाबून आकडा सांगतात, आणि भोवतीच्या माणसांना नुसती उपरण्याची हालचाल दिसते. माझा हात व्यापाऱ्याच्या हातात होता आणि मी त्याला खाली आणू पाहत होतो. तेवढ्यात बारामतीहून आलेल्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “मारुतराव, तुमचं प्रेसिडेंट गेलं. आज सकाळी, सांगवीला.” खरे लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहितो, पहिला विचार मनात आला तो खुर्चीचा. आता तिथे कोण बसणार... दुसरा विचार यायला फार वेळ लागला नाही, पण तो दुसरा होता. माझी बोटे सैल पडली. व्यापाऱ्याला वाटले मी त्याचा आकडा मान्य केला. त्याने उपरणे उचलले आणि सौदा झाला. एकदा उपरणे उचलले की आमच्यात शब्द फिरवत नाहीत. तीस वर्षांच्या धंद्यात इतक्या चढ्या भावाने मी काही घेतले नव्हते. मोटारीत बसल्यावर मी स्वतःशी म्हणालो, जाता जाताही अण्णांनी मला ठकवले. मग उपरणे तोंडावर ओढून घेतले आणि बारामती येईपर्यंत काढले नाही.

सांगवी हे अण्णांचे गाव. शेत तिथे, घर तिथे. पण बारामतीच्या लोकांनी हट्ट धरला आणि त्यांना बैलगाडीतून कऱ्हेच्या काठी आणले. दवंडी पिटली नव्हती, कुणी निरोप धाडले नव्हते, तरी सगळी पेठ बंद होती. अडते, शिंपी, कासार, एकानेही फळी उघडली नव्हती. खालच्या आळीच्या बायका वाळूत लांब उभ्या होत्या. आमच्याकडे बायका मयताला नदीवर येत नाहीत. त्या आल्या होत्या, आणि त्यांना कुणी जा म्हटले नाही. मी खांदा दिला. खांद्यावर अण्णांचा भार होता आणि डोक्यात हिशेब चालला होता की मी मेल्यावर किती दुकाने बंद राहतील. माझे स्वतःचे राहील. शेजाऱ्याचे, भीड म्हणून, अर्ध्या दिवसापुरते. घरी आल्यावर बायकोने अंघोळीला पाणी काढून दिले. मी म्हणालो, केवढी माणसे आली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “तुमी त्येंच्या मयतावर बी जळताय व्हय?” मला राग आला, मी तांब्या लाथाडला. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. मी खोटे बोललेले तिला कळते.

या साप्ताहिकाच्या संपादकांनी चार दिवसांपूर्वी पत्र पाठवून अण्णांविषयी लिहायला सांगितले. ‘त्यांच्या जागी आता आपण आहात’, असे त्यांनी पत्रात लिहिले आहे. बहुधा त्या एका वाक्यासाठी मी होकार दिला. दौलतराव निगडे हे आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीचे आठ-नऊ वर्षे अध्यक्ष होते, त्यांनी गटारे बांधली, दिवे लावले, पाणी आणले, हे सगळे इतर लोक लिहितीलच. मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, कारण ते उपरण्याखालचे आहे.

मी निरवांगीचा. आमच्या वाटणीला आलेल्या तुकड्याला पाटाचे पाणी चढत नव्हते, म्हणून मी मिसरूड फुटायच्या आत वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन बारामतीच्या बाजारात येऊ लागलो. वाटेत एक मुक्काम करावा लागे. बाजारात नव्या माणसाला बसायला जागा नसते. पहिल्याच दिवशी मी एका माळणीशी भांडलो, तिने माझी पाटी उधळली आणि वांगी बैलांच्या पायांत गेली. शेजारी सांगवीची एक गाडी उभी होती, पेरू आणि कांदे भरलेली. गाडीवरच्या पोराने, म्हणजे माझ्याच वयाच्या दौलतने, खाली उतरून बैल मागे घेतले, गाडी हातभर सरकवली आणि मला तिथे बसायला सांगितले. वांगीही वेचून दिली. तो पाण्याखालच्या जमिनीचा एकुलता एक धनी होता, त्याला ती हातभर जागा सोडणे जड गेले नसेल. पण गंमत अशी की पुढच्या सगळ्या आयुष्यात त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. कुणी उपकार बोलून दाखवला की त्याच्यावर चिडता येते. न बोललेल्या उपकाराचे काय करावे ते मला कधीच कळले नाही.

पुढे मी हमाली केली, तोलाई केली, एका म्हाताऱ्या अडत्याच्या हाताखाली राहून उपरण्याखालची बोटे शिकलो, आणि स्वतःचे गुळाचे अडत दुकान काढले. अण्णांनी पेरू काढून ऊस लावला आणि त्यांचा गूळ माझ्याकडे येऊ लागला. मी त्यांना बोटे शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्यांना आकडे समजत, पण त्यांच्या चेहऱ्यावर सगळे दिसे. समोरच्याने चांगला भाव दिला की ते उपरण्याखाली हात ठेवून खुदकन हसत, आणि समोरचा लगेच आपला आकडा मागे घेई. बाजारात त्यांची टिंगल होई. एकदा मी वैतागून म्हणालो, “अण्णा, तुमी हात माझ्याकडं ठिवा अन् तोंड घरी ठिवून या.” ते त्यालाही हसले. मी त्या वेळी मनातून सुखावलो होतो. जमीन त्यांच्याकडे होती, रंग त्यांचा गोरा होता, लोक त्यांना अण्णा म्हणू लागले होते आणि मला अजून अरे म्हणत होते. या एकाच गोष्टीत मी त्यांच्या पुढे होतो.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी अण्णा तुरुंगात गेले. मी गेलो नाही. दुकान होते, घरात बाळंतपण होते, आणि खरे म्हणजे मला भीती वाटली. त्यांच्या मागे त्यांचा ऊस मी तोडून घेतला, गुऱ्हाळ लावले, ढेपा पेठेत आणल्या, वहिनींना एका कामासाठीही सांगवीबाहेर पडू दिले नाही. हे मी मित्र म्हणून केले, त्यात खोट नव्हती. पण ते सुटून आले त्या दिवशी दौंडच्या छोट्या गाडीतून उतरताना स्टेशनवर माणूस मावत नव्हता. लेझीम होते, हलगी होती, गळ्यात हार इतके की हनुवटी दिसत नव्हती. गर्दीत मला पाहून त्यांनी हाक मारली, स्वतःच्या गळ्यातला एक हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी ते मनापासून केले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दुसऱ्यासाठी आणलेला, त्याच्या घामाने ओला झालेला हार गळ्यात घेऊन उभे राहणे काय असते, ते ज्याच्यावर आले त्याला विचारा. घरी येताना तो मी नदीत टाकला.

पुढच्या निवडणुकीत आम्ही दोघेही मेंबर झालो. मी माझ्या वॉर्डातले एकेक घर बोलून, भांडून, दम देऊन, प्रसंगी पायांवर डोके ठेवून जमवले. अण्णांचे बारामतीतही एक घर होते, त्या वॉर्डातून ते नुसते हात जोडून चालत गेले. मग अध्यक्ष निवडायची वेळ आली. एका बाजूला गावातले एक वकील होते, सरकारने नेमलेले मेंबर त्यांच्या पाठीशी. दुसऱ्या बाजूला अण्णांची चार माणसे आणि माझी चार. आम्ही दोघे एक झालो तर वकील पडत होते, पण खुर्ची एकच होती. भर दुपारी मी अण्णांना दुकानात बोलावले. मागच्या बाजूला गुळाच्या ढेपांच्या थप्पीआड आम्ही बसलो. मी उपरणे पसरले आणि म्हणालो, “अण्णा, हात द्या.”

“आरं, तोंडानं बोलू की. दोघंच तर हाय आपण हितं.”

“तोंडाचं कुणी धरत न्हाय. हात द्या.”

त्यांनी हात दिला. मी त्यांची तीन बोटे धरली, म्हणजे मुदतीची तीन वर्षे, आणि मग बोटांच्या मधोमध नखाने रेघ ओढली. अर्धी त्यांची, अर्धी माझी. पहिली अर्धी त्यांची, कारण तुरुंगातून आलेल्या माणसाला डावलले तर लोक मला दारात उभे करणार नाहीत, एवढे मला कळत होते. त्यांनी होकाराचा दाब दिला. चेहऱ्यावर नेहमीचे हसू होते. मी उपरणे उचलले. बाहेर पडताना त्यांनी विचारले, हे आपल्या माणसांना सांगायचे ना? मी म्हणालो, उपरण्याखालचे कधी कुणी सांगते का? माझी सगळ्यात मोठी चूक ती. गावाची खुर्ची मी गुळाच्या ढेपेसारखी ठरवली, साक्षीला कुणी ठेवले नाही, आणि बाजाराची रीत म्हणून स्वतःच्या तोंडाला स्वतःच कुलूप लावले.

अण्णा अध्यक्ष झाले. मी महिने मोजू लागलो. ते रस्त्याने जात तेव्हा दुकानांतली माणसे उठून उभी राहत आणि मला माझ्या कमरेत कळ आल्यासारखे होई. सांगवीकडचे शेतकरी माझ्या दुकानाचा पत्ता विचारताना आता ‘प्रेसिडेंटांचे अडते कुठं बसतात’ असे विचारत. ज्या दुकानातल्या एकेक ढेपेवर माझा घाम होता ते दुकान त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मी गिऱ्हाइकांवर खेकसत असे आणि पुन्हा महिने मोजत असे.

दीड वर्ष भरले त्या महिन्यातली सभा मला अजून जशीच्या तशी दिसते. मी नवा कोट घालून गेलो होतो. अण्णांच्या समोर घडी घातलेला एक कागद होता. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग पहिला विषय वाचला गेला. पेठेतले गटार पुढे न्यायचे, त्यासाठी रस्त्यावर आलेले ओटे काढायचे, आणि सुरुवात सगळ्यात मोठ्या ओट्यापासून करायची. तो ओटा माझा होता. घडीव दगडाचा. दुकान भाड्याचे होते तेव्हाही ओटा माझा होता, मी तो स्वतःच्या हाताने बांधला होता, त्याच्यावर बसून मी माणसांत आलो होतो. माझे डोके फिरले. मी उभा राहून विचारले, “अण्णा, माझा ओटा पाडायला तुमाला आजचाच दिस गावला व्हय?”

ते म्हणाले, “मारुतराव, बसा. पुढचा विषय ऐका, मग बोला.”

“पुढचा न्हाय अन् मागला न्हाय. ती खुर्ची माझ्या पाया पडून दिली तरी मी तिच्यावर थुंकणार न्हाय. ऐका सगळ्यांनी.”

सगळ्यांनी ऐकले. मी दार आपटून बाहेर पडलो. व्हरांड्यातून जाताना खिडकीतून दिसले, अण्णांनी तो घडीचा कागद उचलला, क्षणभर हातात धरला आणि कोटाच्या खिशात ठेवला. तो त्यांचा राजीनामा होता. पुढचा विषय तोच होता. पण भर सभेत मी जे बोललो होतो त्यानंतर माझे नाव कोण सुचवणार आणि कोणत्या तोंडाने? ते संध्याकाळी माझ्या घरी आले. मी बायकोला सांगायला लावले की इंदापूरला गेलेत. दुसऱ्या दिवशी आले, मी पुन्हा इंदापूरला. तिसऱ्या दिवशी बायकोनेच दाराआडून सांगितले, “घरातच हायेत, अण्णा. पर न्हाय येणार.” ते ओसरीवर थोडा वेळ बसले, पाणी प्यायले आणि गेले. माझ्या दुकानातून तीनदा परतलेले गिऱ्हाईक चौथ्यांदा आले की मी भाव उतरवतो. अण्णा तीनदाच आले. लोकांना हे पोरकट वाटेल, पण इतकी वर्षे माझी खरी तक्रार हीच होती. चौथ्यांदा यायला त्यांचे काय जात होते?

ओटा पडला, गटार झाले, पेठेतला चिखल गेला, आणि गिऱ्हाईक दारापर्यंत कोरड्या पायांनी येऊ लागले. माझाही धंदा वाढला. त्याबद्दल मी त्यांना कधीही क्षमा केली नाही. पुढच्या दोन निवडणुकांनंतर मी अध्यक्षपदासाठी त्यांच्याविरुद्ध उभा राहिलो आणि दोन्ही वेळा पडलो. सभेत ते जे आणतील त्याला मी विरोध करी. खालच्या आळीतल्या बायका कऱ्हेच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत. त्यांच्यासाठी हौद बांधावा आणि त्यावर कुणालाही अटकाव नसावा, असा ठराव अण्णांनी आणला. मी विरुद्ध मत दिले. कारणे मी पुष्कळ सांगितली, खर्चाची, रीतीरिवाजाची, सोवळ्याची. त्यातले एकही खरे नव्हते. माझी स्वतःची आई वाळूतच पाणी भरत असे. ठराव त्यांनी आणला होता, एवढेच कारण. तो माझ्या मताशिवाय मंजूर झाला आणि हौदावर पहिली घागर भरली तेव्हा मी गावात थांबलो नाही... त्या दिवशी मात्र खरोखरच इंदापूरला गेलो.

असाच एकदा इंदापूरच्या कचेरीतून परतताना सर्व्हिस मोटारीत एकच जागा रिकामी निघाली, ती नेमकी त्यांच्या शेजारी. आमचे बोलणे बंद होऊन चार-पाच वर्षे झाली होती. उभा राहिलो असतो तर सगळी मोटार हसली असती, म्हणून बसलो. रस्ता खराब होता, खांद्याला खांदा लागत होता. बऱ्याच वेळाने ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, “मारुती, ओट्याचा विषय मी आदी का घेतला, कळलं न्हाय तुला अजून?”

मला कळले होते. त्या दिवशी रात्र व्हायच्या आतच कळले होते. ओटे काढावेच लागणार होते. खुर्ची आधी माझ्याकडे आली असती तर मला एकतर स्वतःचा ओटा वाचवून गावाच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या, नाहीतर शेजाऱ्यांचे ओटे पाडून त्यांच्या शिव्या. तो वाईटपणा त्यांनी जाता जाता आपल्या अंगावर घेतला होता, म्हणजे मला स्वच्छ खुर्ची मिळावी.

मी म्हणालो, “कळलं.”

“मग राग का जाईना?”

“कळलं म्हणूनच जाईना.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “माझंच चुकलं. आदी तुला इचारायला पायजे होतं.” माझ्या मनात पुष्कळ होते. मला त्यांना सांगायचे होते की तुम्ही बाजारात मला जागा दिलीत, हार दिलात, आणि खुर्चीसुद्धा झाडून पुसून देणार होतात. एकदा तरी मला काहीतरी तुमच्याकडून झगडून घेऊ द्यायचे. झगडून घेतलेले माझे असते. दिलेले तुमचेच राहते. पण हे मला आज लिहिताना सुचते आहे. तेव्हा मी फक्त मोटारीच्या धुळीला शिव्या दिल्या.

या वर्षी ऊस तुटायच्या सुमारास त्यांनी अंथरूण धरले. वहिनींचा निरोप आला की एकदा येऊन जा. मी आठ दिवस घालवले आणि मग सांगवीला गेलो. दुपारची वेळ होती. पडवीत खाट टाकली होती, अंगावर घोंगडी. इतका मोठा माणूस घोंगडीखाली काहीच उरला नव्हता. मी गुळाचे भाव सांगितले, पावसाचे सांगितले, उठायला लागलो, तेव्हा त्यांनी घोंगडीच्या कडेला हात वर केला आणि म्हणाले, “हात दे.” मी हात आत घातला. त्यांनी बोटे मोजली नाहीत. माझा सगळा पंजा आपल्या पंजात घेतला आणि धरून ठेवला. आमच्या बाजारात याचा अर्थ असा की आकडा तू सांग, जो सांगशील तो मला मान्य. मुदतीचे बरेच महिने अजून बाकी होते. ते सगळे माझे, आणि त्याशिवाय मी जे म्हणेन ते. सौदा करताना असा पंजा कुणी धरत नाही, कारण त्यात धरणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. मला होकाराचा दाब द्यायचा होता. नुसता अंगठा दाबायचा. मी दाबला नाही. म्हणालो, गुरुवारच्या बाजारानंतर येतो, मग बोलू. हात काढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर या खेपेला मला काही वाचता आले नाही. इतक्या वर्षांनी ते बोटे शिकले होते. बुधवारी मी इंदापूरला बैल बघायला गेलो... पुढचे वर लिहिले आहे.

तेरावा झाल्यावर सगळे मेंबर माझ्या दुकानी आले. त्यांत वकीलही होते. उरलेल्या मुदतीसाठी तुम्हीच बसा म्हणाले. कुणाशी भांडावे लागले नाही, कुणाचे पाय धरावे लागले नाहीत. अण्णांनी आजारपणात एकेकाला बोलावून सांगून ठेवले होते, असे वकिलांनी मला नंतर सांगितले. मी हो म्हणालो. नाही म्हणायचा विचार मनात आला होता, पण इतकी वर्षे ज्या गोष्टीसाठी जळलो तिला नाही म्हणण्याइतका मी मोठा नाही.

पहिल्या दिवशी मी कचेरीत लवकर गेलो. अध्यक्षांच्या खोलीत मी विरोधक म्हणून अनेकदा गेलो होतो, पण नेहमी दुपारनंतर, कारण सकाळी दुकान सुटत नसे; टेबलाच्या त्या बाजूला तर कधीच गेलो नव्हतो. खुर्ची सागवानी आहे, उंच पाठीची, वेताने विणलेली, कुणा जुन्या अध्यक्षांनी पुण्याहून आणलेली. मी बसलो आणि दचकलो. वेत ताठ होता, नव्या बाजेसारखा. आठ-नऊ वर्षे माणूस बसलेल्या खुर्चीत खोलगा पडतो, पाठीपाशी वेत काळवंडतो, हातांवर तेलकट डाग येतात. माझ्या दुकानातली गादी बघा. या खुर्चीला काही झाले नव्हते. मी शिपायाला विचारले, खुर्ची नवी विणून घेतली का? तो म्हातारा शिपाई म्हणाला, “न्हाय जी. अण्णा सहीपुरतं टेकायचं. त्येंची बसायची जागा भायेर.”

मी उठून खिडकीतून पाहिले. व्हरांड्यात लांब बाक आहे. त्यावर सात-आठ माणसे बसली होती, कुणाचे दिव्याचे काम, कुणाचे घराच्या परवानगीचे, एक म्हातारी दोन्ही पाय वर घेऊन. बाकाचे खांबाजवळचे टोक रिकामे होते. तिथले लाकूड बाकीच्या बाकापेक्षा गुळगुळीत आणि काळे, मधे बोटभर खोल झालेले. माणसे दाटीवाटीने बसली होती, एक जण तर उभा होता, पण त्या टोकावर कुणी बसले नव्हते. मी परत येऊन खुर्चीवर बसलो आणि शिपायाला म्हणालो, एकेकाला आत पाठव. तो गेला आणि तसाच परत आला. म्हणाला, लोक म्हणतात सवडीनं या, आम्ही बसलोय. मी आतून ओरडलो की काम असेल त्याने आत यावे. बाहेर ती म्हातारी कुणाला तरी म्हणाली, “असूं दे, नवं हायेत. येतील भायेर.” तिच्या आवाजात राग नव्हता. मी नवीन आहे आणि मला शिकायला वेळ लागेल, एवढेच तिने शेजाऱ्याला समजावून सांगितले.

या गोष्टीला आज आठवडा झाला. रोज सकाळी ते येऊन बाकावर बसतात, मी आत खुर्चीवर बसतो, दार उघडे असते. दुपारी ते उठून जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, रागावत नाहीत, तक्रार करत नाहीत. हा लेखही मी त्याच खुर्चीवर बसून लिहितो आहे. पाठीला वेत टोचतो. आयुष्यभर सौदे केले, समोरचा माणूस किती वेळ बसू शकतो आणि आपल्याला कधी उठावे लागणार हे मला बरोबर ओळखता येते. मी अजून उठलेलो नाही. पण उठायचे कुणाला आहे, ते मला पहिल्याच दिवशी कळले होते.